तानुकी की मुजिना: एका कुटुंबाच्या कथेमागचा नावाचा वाद

जपानमधील क्योतोच्या शिमोगामो देवस्थानाला लागून असलेल्या तादासु नो मोरी या जुन्या रानात राहणारे तानुकींचे, म्हणजे जपानी लोककथांत रूप पालटणाऱ्या एका रानटी प्राण्याचे, कुटुंब, विधवा आई आणि तिचे चार मुलगे, ॲनिमे पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकांना नवे नाही. ‘उचोतेन काझोकु’ या त्यांच्यावरच्या ॲनिमे मालिकेची कथा येथे पुन्हा सांगत नाही. या कुटुंबाच्या दुःखाचे मूळ मात्र ध्यानात ठेवायला हवे: घरचा कर्ता पुरुष, जो क्योतोतील साऱ्या तानुकींचा प्रमुख होता, वर्षअखेरीच्या मेजवानीत काही माणसांनी रस्सा करून खाल्ला. रूप पालटण्यात तरबेज असलेला तो तानुकी त्या दिवशी तानुकी म्हणूनच पकडला गेला आणि तानुकी म्हणूनच शिजला. या प्राण्याच्या बाबतीत इतकी स्पष्टता इतिहासात फारच कमी वेळा आढळते.

भाषांतरांत तानुकीचा कधी ‘रकून’ होतो, तर कधी ‘बॅजर’. दोन्ही चूक आहेत. तानुकी हा कुत्र्या-कोल्ह्यांच्या कुळातला प्राणी आहे. बॅजर पाणमांजराच्या कुळातला आणि रकून मुळात अमेरिकेतला. पण परक्या भाषांतरकारांना तरी दोष का द्यावा? चीनमध्ये ज्या चित्राक्षराने रानमांजरासारखे प्राणी दाखवले जात, तेच जपानने तानुकीसाठी घेतले, आणि त्याच्या जोडीला ‘मुजिना’ हा आणखी एक शब्द प्रचारात राहिला. मुजिना म्हणजे काही भागांत बॅजर, काही भागांत खुद्द तानुकी आणि क्वचित उदमांजरही. आपल्याकडे ‘उदमांजर’ हा शब्द कुणी पाणमांजरासाठी वापरतो तर कुणी कांडेचोरासाठी, तसाच हा प्रकार. इ. स. ६२७ च्या नोंदीत उत्तरेकडील मुत्सु प्रांतात माणसाचे रूप घेऊन गाणे म्हणणारा जो प्राणी येतो, तोही मुजिनाच. पुढच्या शतकांत कोल्ह्याची सात रूपे, तानुकीची आठ, अशी म्हण रूढ झाली आणि चहाची किटली बनलेला तानुकी घरोघरच्या गोष्टींत शिरला.

या गोंधळाची खरी परीक्षा झाली ती न्यायालयात. २९ फेब्रुवारी १९२४ रोजी तोचिगी प्रांतातील एका शिकाऱ्याने आपल्या कुत्र्याच्या मदतीने दोन जनावरांना खडकातल्या बिळात पिटाळले, बिळाचे तोंड दगडांनी बंद केले आणि तो निघून गेला. ३ मार्चला तो परत आला, त्याने दगड काढले, गोळ्या झाडल्या आणि कुत्र्याकरवी जनावरे मारली. तानुकीच्या शिकारीची मुदत फेब्रुवारीअखेर संपत असे. १ मार्चपासून बंदी. त्याच्यावर खटला भरला गेला. त्याचे म्हणणे साधे होते: आपण मारले ते तानुकी नव्हते, ते मुजिना होते. पाठीवर फुलीसारखी खूण असलेल्या या जनावराला त्याच्या भागात ‘जूमोंजी मुजिना’ म्हणत, आणि तानुकी म्हणजे निराळाच प्राणी, असे तो आणि त्याच्या आसपासचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते.

खालच्या न्यायालयाने प्राणिशास्त्राचा आधार घेतला आणि दोन्ही एकच ठरवून त्याला दोषी धरले. ९ जून १९२५ रोजी त्या काळच्या सर्वोच्च न्यायपीठाने हा निकाल फिरवला. बीळ बुजवले तेव्हाच जनावर ताब्यात आले, म्हणजे शिकार २९ फेब्रुवारीलाच, मुदतीत झाली, हे एक कारण. दुसरे कारण अधिक मोलाचे: दोन्ही नावे प्राचीन काळापासून वेगवेगळी चालत आली असताना कायद्याने केवळ ‘तानुकी’ लिहून थांबणे पुरेसे नाही, त्यात मुजिनाही मोडतो, हे लोकांना कळेल असे सांगण्याची काळजी कायदा करणाऱ्याने घ्यायला हवी होती. मुजिना निराळा समजून शिकार करणाऱ्याच्या मनात तानुकी मारण्याचा हेतू नव्हता, म्हणून तो निर्दोष.

हा निकाल वादग्रस्त ठरला, कारण जेमतेम वर्षभरापूर्वी, २५ एप्रिल १९२४ रोजी, त्याच न्यायपीठाने अगदी तशाच वाटणाऱ्या प्रकरणात उलट निर्णय दिला होता. तेथे आरोपीने उडणारी मोठी खार मारली होती. तिला त्याच्या भागात ‘मोमा’ म्हणत, आणि कायद्यात बंदी असलेली ‘मुसासाबी’ ती हीच, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला शिक्षा झाली: प्राणी कोणता ते त्याला माहीत होते, केवळ कायदा माहीत नव्हता, असे न्यायपीठाचे म्हणणे पडले. दोन्ही निकाल जपानच्या कायदा-शिक्षणात आजही शेजारी ठेवून शिकवले जातात. भेद सांगता येतो: एकाला एकच नाव ठाऊक होते, दुसऱ्याने दोन नावांचे दोन प्राणी मानले होते. तरीही मला तोचिगीच्या निकालात जो समजूतदारपणा दिसतो, तो खारीच्या निकालात दिसत नाही. लोकांच्या बोलीत जिवंत असलेल्या शब्दाला कायद्याने मान द्यायलाच हवा.

नावाचा हाच घोळ पातेल्यातही आहे. तानुकीचे मांस उग्र वासाचे, त्यामुळे ज्या रश्शाची चव वाखाणली गेली तो बहुधा बॅजरचा असावा, असे सांगितले जाते. मठांतून तर ‘तानुकीचा रस्सा’ याच नावाचा शाकाहारी रस्सा होतो, ज्यात मांसाऐवजी कोन्याकू नावाच्या कंदाच्या वड्या असतात.

आज डोळ्यांपुढे येणारा तानुकी फार अलीकडचा आहे. १९५१ साली जपानचे सम्राट शिगाराकी या कुंभारगावी गेले, तेव्हा स्वागताला हातात झेंडे दिलेले मातीचे तानुकी रस्त्याकडेला ओळीने मांडले होते. सम्राटांनी त्यावर कविता केली, बातमी देशभर गेली आणि दारूचा बुधला घेतलेली ही ढेरपोटी मूर्ती दुकानांच्या दारांत जाऊन बसली. १९९४ च्या एका गाजलेल्या चित्रपटात तोक्योजवळच्या तामा डोंगरांवर वसाहत उभी राहिल्याने रान गमावलेले तानुकी आले. २००७ च्या ‘उचोतेन काझोकु’ या कादंबरीने त्यांना थेट क्योतोच्या गल्ल्यांत आणले. तिच्यावरून २०१३ मध्ये १३ भागांची मालिका झाली आणि २०१७ मध्ये आणखी १२ भाग आले.

मालिकेने मुजिनाची पळवाट ठेवलेली नाही. मेजवानीला जमणारी सात माणसे सात भाग्यदेवतांची नावे धारण करतात, पण पातेल्यात काय आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नसते. नावे पांघरण्याची कला येथे माणसांनी घेतली आहे, आणि रूप पांघरणारी आई मात्र ढगांचा गडगडाट होताच मूळ रूपात येते. हातातले काम टाकून मुलगे तिच्याकडे धावतात. शीर्षकातला ‘उचोतेन’ हा शब्द इंग्रजीत ‘विक्षिप्त’ या अर्थाचा झाला, ही गोष्ट मला खटकते. तो बौद्ध परिभाषेतून आला आहे. संस्कृतात त्याला ‘भवाग्र’ म्हणतात, अस्तित्वाचे सर्वांत वरचे टोक, आणि बोलभाषेत त्याचा अर्थ आनंदाने देहभान विसरलेला असा होतो. बापाला पातेल्यात गमावलेल्या घराला लेखकाने जाणीवपूर्वक दिलेले हे नाव आहे.