‘पर्यायी’ म्हणून आली आणि घर बळकावून बसली

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन खेळायच्या खेळाच्या पहिल्या पुस्तिकेत लागणाऱ्या सामानाची यादी आहे. निरनिराळे फासे, कागद, पेन्सिली आणि ‘एक सोशिक रेफरी’. त्याच यादीत आणखी दोन नावं आहेत, ज्यांच्यावरून वाचणाऱ्याची नजर सहज घसरते: ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ हा दुसऱ्याच कंपनीचा बोर्डगेम आणि ‘चेनमेल’ हे १९७१चं युद्धखेळाचं नियमपुस्तक. दोन्ही डब्यात नाहीत. घेणाऱ्याकडे ती असतीलच असं धरून १९७४ साली हा खेळ विकायला निघाला. मूळ नियमांवरून आज खेळ चालवायला बसणाऱ्याची निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

डबा म्हणजे लाकडाच्या रेषांचा कागद चिकटवलेला पुठ्ठा, आत तीन तपकिरी पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली छपाई हजार प्रतींची. त्याआधीची कथा बहुतेकांना पाठ आहे. मिनेसोटातल्या युद्धखेळवाल्यांनी पलटणीऐवजी एकेकाला एकेक पात्र द्यायला सुरुवात केली, त्यातल्या एकाने ती पात्रं किल्ल्याखालच्या भुयारात उतरवली, १९७२च्या अखेरीस तो खेळ विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात दाखवला आणि तिथल्या गड्याने टाइपरायटर पुढे ओढला. पुढे मानधनावरून दोघांत कोर्टकचेरी झाली, १९८१मध्ये ती मिटली. त्यावर भरपूर शाई सांडली आहे. टेबलाच्या डोक्याशी बसणाऱ्याला छळणारा प्रश्न मात्र वेगळा आहे: लढाई नेमकी कशाने लढवायची?

पुस्तिकेत वीसपैलू फाशाचा एक तक्ता आहे. पहिल्या तीन लेव्हलच्या (लेव्हल म्हणजे पात्राच्या ताकदीची पायरी) लढवय्याला चिलखत नसलेल्या शत्रूवर वार बसवायला निदान दहा पडावे लागतात, पूर्ण चिलखत आणि ढाल असेल तर सतरा. वार बसला की नुकसान एका सहापैलू फाशाचं, मग हातात खंजीर असो की दोन हातांनी पेलायची तलवार. या तक्त्याचं नाव आहे ‘पर्यायी लढाई पद्धत’. पर्यायी, म्हणजे मूळ पद्धत दुसरीकडे आहे. ती ‘चेनमेल’मध्ये. आणि तिथे तरी ती एक आहे का? पलटणींसाठी एक, माणसाला माणूस भिडला तर दुसरी, वीर आणि राक्षस आमनेसामने आले तर तिसरी.

लढवय्याच्या तक्त्यात ‘लढण्याची क्षमता’ असा एक रकाना आहे. पहिल्या लेव्हलला तिथे लिहिलंय ‘माणूस + १’, तिसऱ्याला ‘तीन माणसं किंवा हीरो − १’, चौथ्याला नुसतं ‘हीरो’, आठव्याला ‘सुपरहीरो’. वीसपैलू फासा घेऊन खेळणाऱ्याला या रकान्याचा काडीचा उपयोग नाही, म्हणून बहुतेक जण तो वगळून पुढे जातात. पण ‘चेनमेल’ उघडून बघा. तिथला हीरो चार माणसांच्या बरोबरीने लढतो, सुपरहीरो आठांच्या. म्हणजे चौथी आणि आठवी लेव्हल हवेतून आलेली नाही. अख्खी शिडी त्या जुन्या पुस्तकातल्या दोन खुंट्यांवर टांगलेली आहे.

दुसरी पुस्तिका गुंता आणखी वाढवते. साध्या माणसांशी लढताना राक्षसाला त्याच्या प्रत्येक जीव-फाशामागे (त्याचा जीव किती चिवट हे ठरवणारे ते फासे) एक वार मिळतो, असं तिथे म्हटलंय आणि उदाहरण ट्रोलचं आहे: सहा वार, त्यातल्या एकाच्या फाशात अधिक तीन. लढाईचा तपशील तिसऱ्या पुस्तिकेत आहे, असंही कंसात सांगितलंय. तिसऱ्या पुस्तिकेत जमिनीवरच्या लढाईची दोन-चार वाक्यांत बोळवण केली आहे: पाया ‘चेनमेल’चा, नाहीतर पहिल्या पुस्तिकेतला तक्ता वापरा. उडत्या घोड्यांच्या आणि जहाजांच्या लढायांना मात्र पानंच्या पानं.

आमच्या टेबलावर हा ट्रोल पहिल्यांदा आला तेव्हा सोबत आणलेले भाडोत्री भालाईत दोन फेऱ्यांत संपले. खेळाडूंनी पुस्तिका मागितली, मी वाक्यावर बोट ठेवून दाखवलं, तरी अर्धा तास वाद चालला. त्यांचंही चूक नव्हतं. तोच नियम लढवय्यालाही लागतो का, हे त्या वाक्यात नाही. लागत असेल तर चौथ्या लेव्हलचा माणूस गॉब्लिन या किरकोळ राक्षसांच्या झुंडीत कापत सुटतो. नसेल तर तो आणि नवशिका दोघे फेरीला एकेकदाच तलवार फिरवतात. माझ्या मते पहिलाच अर्थ खरा, कारण त्याशिवाय ‘लढण्याची क्षमता’ हा रकाना तिथे असायचं कारण उरत नाही.

१९७५च्या उन्हाळ्यात प्रकाशकाच्या बातमीपत्रात खुलासा आला: मुख्य पात्रांच्या आणि तगड्या राक्षसांच्या झुंजींना पर्यायी पद्धत वापरावी. त्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ ही पुरवणी निघाली. तिने प्रत्येक हत्याराला वेगळा फासा दिला, लढवय्याच्या जिवाला आठपैलू फासा दिला आणि चोर हा पात्रांचा नवा वर्ग आणला. ‘चेनमेल’चा दोर तिथेच तुटला. खूणगाठ एवढीच राहिली की ‘ॲडव्हान्स्ड’ या पुढच्या आवृत्तीच्या १९७८च्या खेळाडू-पुस्तकात एका जीव-फाशापेक्षाही दुबळ्या शत्रूंवर लढवय्याला लेव्हलइतके वार मिळतात. त्याच पुस्तकात ‘लेव्हल’ शब्दाने केलेल्या घोळाची कबुलीही आहे. पात्राची, मंत्राची, राक्षसाची आणि भुयाराची अशा चार लेव्हली. त्यांना वेगळी नावं द्यायचा विचार झाला होता, पण शब्द रुळला होता. आम्ही भुयाराच्या लेव्हलला सरळ ‘मजला’ म्हणतो, निदान एक तरी गाठ सुटते.

२००० साली खेळाचे नियम इतरांना वापरू देणारा खुला परवाना आला आणि जुन्या नियमांच्या कायदेशीर नकलांना वाट मिळाली. २००८च्या ‘स्वोर्ड्स अँड विझर्ड्री’ने मूळ खेळ पुन्हा वाचनीय भाषेत मांडला, त्यामुळे तो कितीतरी नव्या टेबलांवर पोचला, हे मान्यच. पण त्यातली लढाई वीसपैलू फाशाचीच. आज ‘मूळ नियमांनी खेळतो’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण मुळात पर्याय म्हणून दिलेली पद्धत खेळतात आणि ‘चेनमेल’ काढून बसलेल्याला हौशी विक्षिप्त समजतात.

२०१३मध्ये मूळ पुस्तिकांची दिमाखदार पुनर्छपाई झाली. खऱ्या लाकडाची पेटी, तिन्ही पुस्तिका, नंतरच्या चार पुरवण्या आणि फासे, किंमत दीडशे डॉलर. ‘चेनमेल’ त्याही पेटीत नाही.