चाल्क की ल्युक्समोटर? आधी नाळ बघा, मग सुकाणू

रॉटरडॅमच्या आउदे हाव्हनमध्ये, म्हणजे जुन्या बंदरात, त्या तिरक्या पिवळ्या घनाकृती घरांच्या पायथ्याशी जुनी मालवाहू जहाजं एकमेकांना खेटून बांधलेली असतात. लांबट काळं पोलादी अंग, मागे काचांची केबिन, खिडक्यांना पडदे, डेकवर फुलांच्या कुंड्या आणि कठड्याला साखळीनं बांधलेली सायकल. मागच्या उन्हाळ्यात आईबाबा आले होते. बाबांनी शेजारशेजारच्या दोन जहाजांकडे बोट दाखवून विचारलं, "ही दोन्ही एकाच जातीची ना रे?"

नव्हती. एक चाल्क होती, दुसरी ल्युक्समोटर. बाबांचं चुकलं असंही नाही, कारण दोन्हींची आता घरं झाली आहेत आणि घर करताना माणसं दोन्हींवर त्याच त्या गोष्टी चढवतात. मोठ्या खिडक्या, सौर पॅनेल, चिमणी. मला मात्र त्या दोघींमधला फरक पुसला जाऊ नये असं मनापासून वाटतं. एक वाऱ्यासाठी बांधली होती, दुसरी इंजिनासाठी, आणि ते अजूनही त्यांच्या अंगावर वाचता येतं.

चाल्क जुनी. नेदरलँड्समध्ये कित्येक शतकं नद्या-कालव्यांतून माल नेणारी, सपाट तळाची शिडाची नौका. आधी ओकच्या लाकडाची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लोखंडाची आणि मग पोलादाची. आज पाण्यावर दिसतात त्या बहुतेक लोखंडी किंवा पोलादी. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, गोल आणि गुबगुबीत असते. मागची बाजूही तशीच गोल. पाण्यापासून वर येताना अंग आधी फुगतं, सगळ्यात रुंद जागी एक जाड पट्टा सगळ्या बाजूंनी फिरतो आणि त्याच्या वर अंग पुन्हा आत झुकतं. पोट भरलेल्या घागरीसारखं. हा आत झुकणारा काठ एकदा डोळ्यांत बसला की लांबूनही चाल्क चुकत नाही.

सपाट तळ असण्याचं कारण उघड आहे. तिथलं पाणी उथळ. पण खोल कणा नसलेली नौका बाजूनं वारा आला की आडवी वाहत जाते. म्हणून दोन्ही कुशींना एकेक मोठं हातपंख्याच्या आकाराचं फळकूट टांगलेलं असतं. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचं फळकूट पाण्यात सोडायचं, दिशा बदलली की ते उचलून दुसरं सोडायचं. डोलकाठी बुडाशी बिजागरीसारख्या खोबणीत बसवलेली, पूल आला की आडवी करायची. पुलांनी तर तिचं मापच ठरवलं. हेगमधल्या ठेंगण्या, अरुंद पुलाखालून जाता यावं म्हणून चाल्कची एक बुटकी पोटजात निघाली आणि तिचं नावच हाखेनार, म्हणजे हेगवाली, पडलं.

वारा पडला की काय? बांबू रोवून ढकलायचं, नाहीतर काठावरून दोरानं ओढायचं. घोडा परवडला तर घोडा. नाही परवडला तर तांडेलाची बायको आणि पोरं छातीला पट्टा लावून काठानं चालायची, आणि तो स्वतः सुकाणू धरून मागे उभा, उघड्यावर, पावसात. रात्री सगळं कुटुंब मागच्या एका खोलीत, भिंतीतल्या कपाटासारख्या पलंगांवर. जहाजाची बाकी सगळी लांबी मालाची होती. पीट (दलदलीतून काढलेलं जळण), शेणखत, बटाटे, विटा, वाळू. चाल्ककडे पाहून 'किती सुंदर' म्हणताना मला ती ओढणारी बाई आठवते, आणि ती आठवायलाच हवी असं वाटतं.

ल्युक्समोटर ही त्या बाईच्या मुलांची पिढी म्हणा. साधारण 1920 ते 1940 या काळात ती मोठ्या संख्येनं बांधली गेली. शीड नाही, फळकुटं नाहीत, पहिल्या दिवसापासून इंजिनच. नाळ सरळ उभी आणि धारदार, सुरीचं पातं उभं धरावं तशी. कुशी बऱ्यापैकी सरळ, म्हणजे मालाची कोठी खोक्यासारखी चौकोनी आणि माल भरायला सोपी. मागे तांडेलाची केबिन, तिच्याजवळ इंजिनघर, आणि त्यामागे कुटुंबाचं राहतं घर. नावातलं 'ल्युक्स' ते याच घरामुळे असं सांगतात. लाकडी फळ्यांनी मढवलेल्या भिंती, वेगळं स्वयंपाकघर, खरी झोपायची खोली. आजच्या डोळ्यांना ते लहानच दिसेल. पण कपाटात झोपून वाढलेल्या माणसाला छताखाली उभं राहून, कोरड्या कपड्यांनिशी चाक फिरवता येणं ही चैनच होती.

इंजिनं बहुधा तापवायच्या गोळ्याची. सुरू करण्याआधी ब्लोलॅम्पनं तो गोळा लालभडक करायचा, मगच यंत्र पहिला ठोका टाकायचं. अॅमस्टरडॅमच्या क्रोमहाउट कारखान्यानं अशी बरीच इंजिनं बनवली आणि त्याच्या जुन्या गोदीत आता संग्रहालय आहे. तसं एखादं इंजिन चालू असताना जवळ उभं राहून ऐका. ठोका... ठोका... ठोका, मधल्या फटीत वाटतं बंद पडलं, आणि तेवढ्यात पुढचा येतो.

आता घोळ कुठून सुरू झाला ते. ल्युक्समोटर आली म्हणून चाल्कवाल्यांनी जहाज टाकून दिलं नाही, पैसे कुठे होते? काहींनी मागून ढकलायला एक छोटी इंजिनाची होडी घेतली. काहींनी कुशीला लांब दांड्यावर पंखा लावला, जो हवा तेव्हा पाण्यात सोडायचा. पुढे जमेल तसं आतच इंजिन बसवलं. डोलकाठी गेली, फळकुटं गेली, मागे केबिन आली. काहींचं अंग मधून कापून लांबवलं. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या जहाजांपुढे ही छोटी जहाजं टिकेनात तेव्हा दोन्ही जाती एकदमच भंगारच्या वाटेला लागल्या. घरांची टंचाई होती, जुनं जहाज स्वस्त मिळायचं, म्हणून लोकांनी ती विकत घेऊन कोठीत दिवाणखाने केले. माल नसला की जहाज पाण्यावर फार वर तरंगतं, म्हणून तळाशी काँक्रीटचे ठोकळे किंवा फरशा रचतात. शीड नसलेली, केबिनवाली, पडदे लावलेली चाल्क आणि पडदे लावलेली ल्युक्समोटर शेजारी उभ्या राहिल्या त्या अशा.

म्हणून डेकवरचं काहीच पुरावा धरू नका. केबिन नंतर आलेली असू शकते. रिव्हेटांच्या ओळी दिसल्या म्हणजे चाल्क, हाही गैरसमज. त्या काळातल्या बहुतेक ल्युक्समोटरीही रिव्हेट ठोकूनच बांधल्या जात. नाळ गोल की उभी ते पाहा, आणि मग चालत मागे जा. चाल्कचं सुकाणू बाहेर लटकतं, दाराच्या पल्ल्याएवढं, मागच्या खांबाला कड्यांनी अडकवलेलं, सगळ्यांना दिसेल असं. ल्युक्समोटरची पिछाडी पाण्यावर सज्जासारखी पुढे आलेली असते आणि सुकाणू, पंखा दोन्ही तिच्या पोटाखाली. काठावरून दिसतच नाहीत. बाबांना मी हेच दाखवलं. ते दोन्ही जहाजांच्या मागे जाऊन वाकून पाहून आले आणि मग बंदरातली एकेक नौका स्वतः ओळखायला लागले. अकरापैकी एकच अडली. तिची नाळ गोल होती, पण पुढचा उभा खांबच नव्हता. तळाचे पत्रे तसेच वळून वर आलेले. ती आक, तिसरीच जात, तिच्यावर पुन्हा कधीतरी.

विकत घ्यायचा विचार असणाऱ्यांसाठी एवढंच, की रूप पाहून ठरवू नका, फिरणार कुठे ते पाहा. इंग्लंडच्या अरुंद कालव्यांतले लॉक, म्हणजे जहाज वर-खाली करणारे दारांचे हौद, जेमतेम सात फूट रुंद, तिथे दोघींनाही वाव नाही. फ्रान्समध्ये 1879 च्या कायद्यानं ठरवलेल्या मापाच्या लॉकमध्ये 38.5 मीटर लांब आणि 5.05 मीटर रुंद जहाज मावतं, त्यामुळे बऱ्याच ल्युक्समोटरी तिथे आरामात फिरतात. रोज राहायला ल्युक्समोटर बरी. सरळ भिंती, जास्त उंची, वाकलेल्या काठाला कपाटं बसवायची कटकट नाही.

मन मात्र माझं चाल्ककडे जातं. नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या फ्रिसलंड प्रांतात तिची धाकटी बहीण स्कूत्शे आजही दर उन्हाळ्यात तळ्यांवर शर्यतीत उतरते. 1945 मध्ये स्थापन झालेली समिती त्या शर्यती भरवते आणि जहाजं पुन्हा पूर्ण शिडांत असतात. मोठ्या चाल्क पुन्हा डोलकाठी चढवून पर्यटकांना उत्तर किनाऱ्यालगतच्या उथळ वाडन समुद्रावर नेतात. तिथे ओहोटी लागली की तांडेल मुद्दाम थांबतो. पाणी हळूहळू निघून जातं आणि ते अख्खं जहाज पुळणीवर सरळ बसतं, जराही न कलंडता. आपल्याकडे खाडीत ओहोटीला मचवा एका कुशीवर झुकलेला पाहिलेल्या कुणालाही ते दृश्य थांबवून ठेवील. लोक शिडीनं खाली उतरतात, ओल्या वाळूत अनवाणी चालत जहाजाभोवती फेरी मारतात, आणि जे तळ एरवी कधीच दिसत नाही त्यावर हात ठेवून पाहतात.