दिवस भरले, पण कळा नाहीत : किती थांबायचे?

आमच्या प्रसूतिगृहात नाव नोंदवलेल्या गर्भवतींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

फाइलवरची बाळंतपणाची तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजेच ४० आठवडे. नेमक्या त्या दिवशी शंभरातल्या चार-पाचजणीच बाळंत होतात. त्यामुळे तारीख उलटली म्हणून घाबरू नका, पण तारीख बरोबर आहे ना, हे आधी पाहा. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सर्वांत भरवशाची. नवव्या महिन्यातल्या रिपोर्टवर येणारी तारीख बाळाच्या आकारावरून काढलेली असते, ती दोन-तीन आठवड्यांनीही चुकू शकते. पुण्या-मुंबईहून बाळंतपणाला इंदूरला माहेरी येणाऱ्या मुलींनी तो पहिला रिपोर्ट आठवणीने आणावा.

तारीख पक्की असेल, तर ४१ आठवडे पूर्ण होताच कळा आणण्याचे ठरवावे, असे आमचे मत आहे. ४२ च्या पुढे थांबू नये. दिवस उलटतात तशी काही जणींची वार (बाळाला पोषण पुरवणारा भाग) थकते, गर्भजल कमी होते, नाळ दाबली जाऊ शकते. बाळ पोटातच शी करू शकते आणि ती त्याच्या फुप्फुसांत जाण्याची भीती असते. बाळ फार मोठे झाले तर खांदा अडकू शकतो. पोटातच बाळ दगावण्याचा धोका एकूण कमी असला, तरी ४१ नंतर तो वाढत जातो. स्वीडनमधल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २,७६० गर्भवती होत्या. साधारण निम्म्या जणींना ४१ आठवड्यांना कळा आणल्या, बाकीच्या ४२ पर्यंत थांबल्या. थांबलेल्यांमध्ये सहा बाळे गेली, दुसऱ्या गटात एकही नाही. अभ्यास तिथेच थांबवावा लागला.

"कळा आणल्या की सिझर ठरलेलेच," असे बऱ्याच घरांत ऐकू येते. ४१ आठवड्यांना कळा आणल्याने सिझर वाढत नाहीत, असेच मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. वेळ मात्र लागतो. पिशवीचे तोंड कठीण असेल तर ते मऊ करायला आधी जेल, गोळी किंवा फुगा, मग पाणमोट फोडणे, मग सलाइनमधून औषध. पहिलटकरणीला पूर्ण दिवस किंवा त्याहून जास्तही लागू शकतो, म्हणून घरच्यांनी दर तासाला "अजून किती?" विचारून तिला धास्ती घालू नये. आधी सिझर झाले असेल तर यातली काही औषधे चालत नाहीत. ते पहिल्याच भेटीत सांगा. बीपी किंवा साखर असेल, बाळाची वाढ कमी असेल, तर ४१ पर्यंतही थांबत नाही.

मुहूर्तासाठी तारीख अलीकडे ओढण्याचा किंवा पुढे ढकलण्याचा आग्रह कृपया धरू नका. घरी एरंडेलही पाजू नका. जुलाब होऊन बाई गळून जाते.

बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेले किंवा अंगावरून रक्त गेले, तर आठवडे मोजत बसू नका, सकाळची वाट पाहू नका, लगेच निघा. राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांनी रंगपंचमीच्या गेरीच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) रात्री रस्ते बंद असतात हे धरून, दिवस भरत आले असतील तर आधीच गर्दीबाहेरच्या नातेवाइकांकडे मुक्काम करावा.