मद्यव्यापाऱ्याच्या खोलीपासून वेळासच्या किनाऱ्यापर्यंत

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, म्हणजे बीएनएचएसच्या बोधचिन्हावरचा धनेश हा खराखुरा पक्षी होता. विल्यम त्याचं नाव. १८९४ साली कारवारहून हे पिल्लू आलं आणि संस्थेचे सचिव एच. एम. फिप्सन यांच्या खुर्चीमागे त्यानं जो मुक्काम ठोकला, तो थेट १९२० पर्यंत. फेकलेला टेनिसचा चेंडू तो चोचीत अचूक झेलायचा. एकदा पेटता सिगार गिळूनही त्याला काही झालं नाही. पुढे तारेचा तुकडा मात्र जिवावर बेतला.

संस्था त्याच्याही आधीची. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये (आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) आठ जण जमले. दर महिन्याला भेटायचं, कोणी काय पाहिलं ते सांगायचं, जमवलेले नमुने दाखवायचे, एवढाच बेत. सहा जण युरोपियन, दोघे मराठी डॉक्टर. त्यातले आत्माराम पांडुरंग तर्खडकर हे प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि व्याकरणकार दादोबांचे धाकटे भाऊ. दुसरे सखाराम अर्जुन. औषधी वनस्पतींचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. आज मात्र त्यांची ओळख भारतातल्या सुरुवातीच्या महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील एवढीच उरली आहे. संस्था स्थापन झाल्यावर दोनच वर्षांत ते गेले. ते आणखी जगते तर मराठी वाचकाच्या हाती वनस्पतींविषयी काही लागलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

फिप्सन यांचा धंदा मद्यविक्रीचा. १८८४ च्या जानेवारीत त्यांनी फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या जागेत संस्थेला खोली दिली आणि नमुन्यांची कपाटं तिथे गेली. १८८६ मध्ये संस्थेचं नियतकालिक सुरू झालं, अर्थातच इंग्रजीत. लिहिणारे बहुतेक गोरे अधिकारी आणि शिकारी. जंगलात पुढे चालून वाट काढणारे, पक्ष्याचं घरटं नेमकं कुठे ते सांगणारे स्थानिक लोक त्या पानांवर क्वचितच नावानिशी भेटतात.

सामान्य माणसासाठी दार किलकिलं झालं ते १९२३ साली, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्गविभाग उघडला तेव्हा. पेंढा भरलेली जनावरं नुसती ओळीनं मांडायची नाहीत, ती जिथे राहतात तो परिसरच काचेआड उभा करायचा, ही पद्धत बीएनएचएसचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांच्या देखरेखीखाली तिथे रुजली. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही ते पाहून काही कळतं, ही त्यातली खरी गोम. याच विभागात १९२६ मध्ये सलीम अलींना गाइड लेक्चररची नोकरी मिळाली. पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन लहानपणी संस्थेत आलेला मुलगा आता शाळकरी मुलांना पक्षी समजावून सांगू लागला.

मराठीतून विज्ञान सांगण्याचं काम तोवर वेगळ्याच वाटेनं चाललं होतं. १९२८ साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघालं. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद उभी राहिली. संग्रह आणि तज्ज्ञ मुंबईत इंग्रजीच्या घरी, वाचक मराठीच्या अंगणात. या दोघांची गाठ फार सावकाश पडत गेली. बीएनएचएसनं शाळांसाठी उपक्रम सुरू केले आणि गोरेगावच्या चित्रनगरीत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून, निसर्गशिक्षणाचं केंद्र काढलं, तेव्हा ती थोडी घट्ट झाली.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक पडला तो कोकणात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला घेतली. घरटी शोधायची, अंडी उकरून कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरायची, पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. हे करणारे गावकरीच. पुढे तिथे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांतच उतरू लागले, आणि रात्री किनारा पालथा घालून घरटं हुडकणारा माणूसच शहरातून आलेल्यांना कासवाविषयी सांगू लागला, तेही मराठीत.