जोडीतला एकच टायर बदलताय? आधी शेजारचा मोजा

दहाचाकी, बाराचाकी, टिपर आणि मोठ्या गाड्यांच्या मालकांसाठी

"मागचा आतला फुटलाय, हजार-वीसचा एक नवीन द्या." असा फोन आला की आम्ही उलट विचारतो, शेजारचा टायर किती मिलिमीटर उरलाय? गिऱ्हाइकाला वाटतं, एकाऐवजी दोन खपवायचा डाव आहे. तसा डाव नाही. हिशेब खाली दिलाय, तुम्हीच पडताळा.

मागे एकाच बाजूला शेजारी-शेजारी बसवलेले आतला आणि बाहेरचा, हे जोडीचे दोन्ही टायर एकाच हबला आवळलेले असतात. एक जितके फेरे घेतो तितकेच दुसऱ्याला घ्यावे लागतात. नव्या हजार-वीस, म्हणजे १०.००आर२० टायरची नक्षी १५-१६ मिमी खोल धरा. मागच्या लग (जाड ठोकळ्यांच्या नक्षीच्या) टायरची त्याहून जास्त असते. शेजारचा ५ मिमीवर आला असेल तर दोघांच्या व्यासात २० मिमीचा फरक पडला, म्हणजे परिघात ६० मिमीच्या वर. हा टायर किलोमीटरमागे तीनशेहून थोडे जास्त फेरे घेतो. म्हणजे लहान टायर दर किलोमीटरला जवळपास १९ मीटर नुसता फरफटतो. वजन मात्र मोठ्याच्या डोक्यावर. तो तापतो, खांद्याला फुगतो, नाहीतर बेल्ट सुटतो. जुना वाचवायला गेलात आणि नवाही गेला. असा टायर कंपनीकडे वॉरंटी क्लेमला पाठवला तर शेजारचा टायर कसा होता हा प्रश्न येतोच, आणि तिथेच बहुतेक क्लेम अडतात.

आमचा नियम सोपा आहे. नऊशे-वीस, हजार-वीस आणि त्यावरच्या मापांना जोडीतला व्यासाचा फरक १२ मिमीच्या आत, म्हणजे नक्षीच्या खोलीत ६ मिमीच्या आत हवा. सव्वाआठशे (८.२५) आणि त्याखालच्या मापांना त्याच्या निम्मा. नक्षीची खोली मोजायचं गेज नसेल तर दोन्ही टायरांत सारखी हवा भरा, चाक उचला आणि नक्षीच्या मधोमध टेप गुंडाळा. हजार-वीसला परिघात ३८ मिमीपर्यंत चालेल. फरक या मर्यादेत असेल तर जास्त उंचीचा टायर बाहेर लावा. रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असल्याने आतल्या टायरवर आधीच जास्त भार येतो.

रेडियलच्या जोडीला नायलॉन आम्ही लावत नाही, कुणीही कितीही आग्रह केला तरी. वजनाखाली दोघांच्या बगला (बाजूच्या भिंती) सारख्या दबत नाहीत. तसंच २९५/९०आर२० आणि १०.००आर२० "जवळपास सारखेच" म्हणून एका जोडीत मागतात, तेही नाही. २२.५ इंची ट्यूबलेसला तर रिमच वेगळी लागते.

मग एक फुटला तर दोन घ्यायलाच हवेत का? बऱ्याचदा नाही. आधी स्टेपनी मोजा. मागच्या आठ टायरांत तिच्या जवळचा जोडीदार अनेकदा सापडतो; जोड्या फिरवल्या की काम भागतं. नाहीच जमलं तर दोन नवीन पुढे लावून पुढचे अर्धे झिजलेले दोन मागे जोडीने टाकायचे. हायवेच्या गाडीला हे उत्तम. उसाच्या शेतात किंवा खाणीत जाणाऱ्या गाडीला पुढचा रिब (सरळ पट्ट्यांच्या नक्षीचा) टायर मागे पकड देणार नाही, तिथे लगच घ्या. आमच्याकडे मोजून खुणा केलेले वापरलेले टायर आणि रिट्रेडही (नवीन रबर चढवलेले जुने टायर) असतात, त्यातून जोड लावून देतो. रिट्रेड आम्ही पुढे लावत नाही. कायद्याने नक्षी १.६ मिमीपर्यंत चालते, पण केसिंग (टायरचा मूळ सांगाडा) पुन्हा रबर चढवण्यालायक ठेवायचं असेल तर ३ मिमीवरच काढा. आमच्याकडे आणलंत तर केसिंगचे पैसे नव्या टायरमधून वजा करतो.

बगलेवरचा १४६/१४३ असा भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, वाचायची सवय लावा. पहिला एकट्या टायरचा, ३००० किलो. दुसरा जोडीतल्या प्रत्येकाचा, २७२५ किलो. स्वस्तात मिळाला म्हणून यापेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नका. बगलेवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार अंक टायर तयार झाल्याचा आठवडा आणि साल सांगतात: ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा.

जोडी जुळली तरी हवा जुळली नाही तर सगळं फुकट. टॉमी (लोखंडी सळई) मारून आवाज ऐकणं हा तपास नाही. १२० आणि ९० पीएसआयमधला फरक कानाला कळत नाही. आतल्या टायरला व्हॉल्व्हची एक्स्टेंशन नळी बसवून घ्या, म्हणजे ड्रायव्हर कंटाळा करणार नाही. १२० पीएसआयचा टायर ९६ च्या खाली चालला असेल तर वरून हवा भरू नका. उतरवून आतून बघावा लागतो; बगलेतल्या तारा तुटल्या असतील तर भरताना फुटतो. लॉक रिंगचं (रिंगने टायर अडकवलेलं) चाक आम्ही पिंजऱ्यातच भरतो. त्याला दहा मिनिटं जास्त लागतात, तेवढी थांबा.

स्कॉर्पिओ, फॉर्च्युनरवाल्यांसाठी थोडक्यात: माप आणि हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असते. २६५/६०आर१८ ला ११० हा भारांक, म्हणजे १०६० किलो; त्याखाली उतरू नका. दोनच घेत असाल तर नवे मागे लावा, ओल्या रस्त्यावर मागचं टोक सुटलं की सावरणं अवघड. फोर बाय फोरला चारही टायरांचं माप आणि झीज सारखी हवी.

फोन करण्याआधी हे हाताशी ठेवा: पूर्ण माप, पीआर (प्लाय रेटिंग) आणि भारांक, रेडियल की नायलॉन, फुटलेल्याची जागा (डावी-उजवी, आतला-बाहेरचा), आणि शेजारच्या टायरचा व स्टेपनीचा मिमीमधला आकडा. गेज नसेल तर गाडी घेऊन या, मोजायचे पैसे नाहीत. टायर बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरला नट पुन्हा आवळायचे असतात. आमच्या रस्त्यावरून जात असाल तर तेही फुकट करून देऊ.