मोबी डिकच्या कव्हरवर लेखकच नाही

जुन्या पुस्तकांत कधी १९३० सालचं, रँडम हाऊस या अमेरिकन प्रकाशनाचं 'मोबी डिक', म्हणजे व्हेलच्या शिकारीवरची ती कादंबरी, हाती लागलं, काळी कापडी बांधणी, वर चंदेरी छाप, वजनाला चांगलं भरभक्कम, तर आत डोकावायच्या आधी कव्हर बघा. चित्रं काढणाऱ्या रॉकवेल केंटचं नाव आहे आणि कादंबरी ज्याने लिहिली त्या हर्मन मेलव्हिलचं नाहीच! आत आहे, बाहेर टाकायचं राहून गेलं.

इतकी मोठी चूक झालीच कशी म्हणाल, तर या पुस्तकाचं नशीब पहिल्यापासूनच असं. मेलव्हिल १८४१ मध्ये व्हेल मारणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून गेला, मधेच एका बेटावर पळून गेला, त्या अनुभवांवरचं पहिलं पुस्तक १८४६ ला आलं आणि गाजलं पण. मग आलं हे. आधी लंडनला, ऑक्टोबर १८५१ मध्ये, 'द व्हेल' नावाने, तीन भागांत, फक्त ५०० प्रती, आणि त्यात शेवटचं छोटंसं प्रकरणच गायब. आता गंमत अशी की जहाज बुडतं, सगळे मरतात, पण कथा सांगणारा इश्माएल एका शवपेटीला धरून तरंगत वाचतो, हे त्याच प्रकरणात आहे. त्यामुळे तिकडचे समीक्षक विचारायला लागले की अहो, सगळेच मेले तर ही गोष्ट सांगतंय कोण? चूक छापणाऱ्यांची आणि बोलणी खाल्ली लेखकाने.

महिन्याभराने न्यूयॉर्कला हार्पर्स या प्रकाशकाने 'मोबी डिक' नावाने एका भागात काढलं, शेवटासकट, २,९१५ प्रती. त्यासुद्धा वर्षानुवर्षं संपेनात. वर १८५३ च्या डिसेंबरात हार्पर्सला आग लागली, त्यात उरलेल्यांपैकी जवळपास ३०० जळाल्या. पहिली आवृत्ती आज इतकी दुर्मिळ आणि महाग का, याचं अर्धं उत्तर इथेच आहे, मुळात प्रतीच कमी. अमेरिकेतून मेलव्हिलला आयुष्यभरात या पुस्तकाचे मिळाले जेमतेम ५५६ डॉलर.

नंतर तो न्यूयॉर्कच्या बंदरावर कस्टम्सचा इन्स्पेक्टर झाला आणि १९ वर्षं ती नोकरी केली. १८९१ मध्ये गेला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर लेख छापला खरा, पण त्यात हर्मनचा हायरम करून टाकला. म्हणजे नाव हरवायला १९३० पर्यंत थांबावं लागलंच नाही.

१९१९ ला मेलव्हिलची जन्मशताब्दी आली, १९२१ मध्ये रेमंड वीव्हरने त्याचं चरित्र लिहिलं आणि लोक हे पुस्तक शोधून वाचायला लागले. इकडे शिकागोच्या लेकसाइड प्रेसला आपली छपाई मिरवायला काही अमेरिकन पुस्तकं सजवून काढायची होती, त्यांनी केंटला दुसरंच पुस्तक सुचवलं होतं, मोबी डिकचा हट्ट त्याचा. शाई-ब्रशची चित्रं, पण बघताना वाटतं लाकडात कोरलीत. १९३० ला तीन खंड आले, ॲल्युमिनियमच्या पेटीत, १,००० प्रती, त्या अर्थात शौकिनांसाठी. त्याच वर्षी रँडम हाऊसने तीच चित्रं घेऊन एका खंडात स्वस्त आवृत्ती काढली, ती सभासदांना दर महिन्याला पुस्तक पाठवणाऱ्या बुक ऑफ द मंथ क्लबने उचलली आणि घराघरात गेली. तेव्हा केंटचं नाव इतकं चालत होतं की कव्हर करताना लेखक कोणाच्या लक्षातच राहिला नाही, निदान मला तरी असंच वाटतं.

म्हणून सेकंडहँडमध्ये बहुतेकदा दिसते ती हीच काळी प्रत, कारण ती खूप छापली गेली. वरचं कागदी जॅकेट मात्र फाटून गेलेलं असतं, ते टिकलेलं असेल तर भाव एकदम वाढतो, लेखकाचं नाव नसलेलं असलं तरी.