लष्करी बटणांचा संग्रह

लष्करी बटणांचा संग्रह : सैनिकी गणवेशावरची धातूची बटणे जमवून ती ओळखणे, त्यांचा काळ ठरवणे आणि चौकटीत मांडणे, असा हा छंद. नाणी किंवा टपाल तिकिटांच्या मानाने त्याकडे फार कमी लोक वळतात. सोलापूरकरांना मात्र तो जवळचा वाटावा. ‘लष्कर’ आणि ‘सदर बझार’ ही वस्त्यांची नावेच जुन्या छावणीची खूण आहेत. भुईकोट किल्ला मे 1818 मध्ये इंग्रज सेनानी थॉमस मन्रोच्या फौजेने पेशव्यांकडून घेतला. 1930 च्या मे महिन्यात याच शहरावर लष्करी कायदा लादला गेला. आज सोलापूर गणवेश शिवून गावोगावी पाठवते. काज-बटणाचे काम पाहत वाढलेली माणसे इथे गल्लोगल्ली सापडतात.

बटण इतिहासाच्या कामी येते ते त्यावरच्या छापामुळे. 1767 पासून ब्रिटिश पायदळाच्या बटणांवर पलटणीचा क्रमांक येऊ लागला. साध्या शिपायाची बटणे कथलाच्या मिश्रधातूची असत, ती 1855 च्या सुमारास पितळेची झाली. 1871 मध्ये शिपायांच्या बटणांवरचे क्रमांक गेले आणि बहुतेकांना राजचिन्हाचे एकच सामाईक बटण मिळाले. म्हणून क्रमांकाचे बटण हाती आले तर पलटण कळते, सामाईक बटणावरून फक्त काळाचा अंदाज बांधता येतो. लिथुएनियातील विल्नियस शहरात नेपोलियनच्या 1812 च्या मोहिमेतील सैनिकांची सामूहिक कबर सापडली, तेव्हा कापड कुजून गेले होते. माणसे कोणत्या पलटणींची, हे बटणांवरच्या आकड्यांनी सांगितले.

काळ ठरवताना आधी मुकुट पाहावा. 1901 ते 1952 या ब्रिटिश राजांच्या काळातला मुकुट वर गोल कमानीचा दिसतो, तर एलिझाबेथ राणीच्या काळातल्या मुकुटाची कमान मध्यभागी खाली दबलेली असते. 2022 नंतर चार्ल्स राजाने पुन्हा गोल कमानीचा मुकुट घेतल्याने ही खूण आता एकटीने पुरत नाही. भारतात प्रजासत्ताक आल्यावर मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. मराठा लाइट इन्फंट्रीची ओळख बिगुलाची. रायफल पलटणींची बटणे काळी असतात, कारण उन्हात चमकून शिपायाची जागा उघड होऊ नये.

मग बटण उलटे करावे. पाठीवर, दोरा ओवायच्या कडीभोवती, बारीक अक्षरांत कारखान्याचे नाव असते, बहुधा लंडनचे किंवा बर्मिंगहॅमचे. पत्ता आणि नाव बदलत गेल्याने त्यावरून वर्षे काढता येतात. आकार ‘लाइन’मध्ये मोजतात : 40 लाइन म्हणजे एक इंच. ठप्प्याने उठवलेल्या खऱ्या बटणाच्या कडा तीक्ष्ण असतात. ओतीव नकलेत त्या बोथट होतात आणि भिंगाखाली हवेची बारीक छिद्रे दिसतात.

सर्वात जास्त नुकसान होते ते साफसफाईत. पितळ कळकले की चिंच-मीठ लावून घासायचे, ही आपल्या घरांतली सवय. समईसाठी ती योग्यच, पण बटणाचा सोन्याचा मुलामा एका घासण्यात निघून जातो आणि तो परत येत नाही. तिरप्या उजेडात एखादे जुने बटण धरून पाहावे : सिंहाची आयाळ सपाट झालेली, मुकुटाचे मणी एकमेकांत मिसळलेले. ती झीज एखाद्या शिपायाने रोज सकाळी पॉलिश करून आणलेली असते. बटणावर त्याचा स्वतःचा असा एवढाच भाग असतो. त्यावर आणखी झीज घालण्याचा हक्क संग्राहकाला नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडावी. हिरवी भुकटी झडत असेल, तर लाकडी काडीने हलकेच सुटी करून ते बटण बाकीच्यांपासून वेगळे ठेवावे.

मांडणीसाठी आम्लरहित पुठ्ठ्याला भोके पाडून कडी मागे काढतात आणि तिच्यातून दोरा किंवा तार ओवतात. गोंद अजिबात लावू नये. लोकरीच्या कापडातून गंधकाचे वायू सुटतात आणि चांदीचा मुलामा काळा पडतो. सोलापूरची कोरडी हवा धातूला मानवते, जपायचे ते पावसाळ्यात.

किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकात खणून काही काढणे हा गुन्हा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना 1972 चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो, त्यामुळे त्या परदेशी पाठवता येत नाहीत. बटणे मिळतात ती मोडीच्या दुकानांत, जुन्या कोटांवर आणि बरेचदा घरच्याच शिवणाच्या डब्यात. डब्यातले बटण सापडले की आधी घरातल्या थोरल्या माणसाला विचारावे : कोट कोणाचा, पलटण कोणती, ते घरी कधी परतले. उत्तर त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून बटणाच्या मागे ठेवावे. छापावरून ठरवलेली माहिती एका शाईत आणि ऐकलेली दुसऱ्या शाईत.